कंबर शाबूत राखण्यासाठी: सकाळच्या पहिल्या तासापासून रात्रीच्या अंथरुणापर्यंत

उसण भरलेल्या माणसाला नेमके काय झाले असे विचारले, तर उत्तर बहुतेक वेळा किरकोळ असते. कोणी तोंड धुताना बेसिनवर वाकलेले असते, कोणी खाली पडलेला टॉवेल उचललेला असतो, तर कोणाला नुसती जोराची शिंक आलेली असते. ऐकणाऱ्याला नवल वाटते, कारण याच माणसाने महिन्यापूर्वी घर बदलताना कपाटे आणि खोकी उचलली होती आणि तेव्हा त्याला काहीही झाले नव्हते. टॉवेलाच्या वजनाने कंबर धरत नाही. तासन्तास एकाच जागी बसणे, स्नायूंना काम न देणे, अपुरी झोप आणि चुकीच्या वेळी चुकीच्या ठिकाणातून वाकणे यांमुळे ती आधीच थकत आलेली असते आणि टॉवेल केवळ निमित्त ठरतो. त्यामुळे कंबरदुखी टाळायची असेल, तर आपला सगळा दिवस कसा जातो हे नीट पाहावे लागते, आणि या लेखात तेच क्रमाने मांडले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटी ३० लाखांवर जाण्याचा अंदाज आहे. यांतील सुमारे ९० टक्के लोकांच्या दुखण्यामागे तपासणीत बोट ठेवता येईल असा एखादा ठरावीक आजार सापडत नाही. ही गोष्ट निराश करणारी वाटली, तरी मला ती आशेची वाटते, कारण ज्या दुखण्यामागे मोडलेले हाड किंवा गाठ नसते, त्यावर रोजच्या सवयींचा पुष्कळ परिणाम होऊ शकतो.

मणक्यांमधल्या गादीला अन्न कसे मिळते

मानेत ७, पाठीत १२ आणि कंबरेत ५ मणके असतात. कंबरेचे पाच मणके आकाराने सर्वांत मोठे असतात, कारण वरच्या सगळ्या शरीराचा भार त्यांच्यावर येतो. दोन मणक्यांच्या मध्ये जी गादी असते, तिच्या बाहेरच्या भागात चिवट तंतूंची एकात एक बसवलेली कडी असतात आणि आत जेलीसारखा पाणीदार गाभा असतो. तरुण वयात या गाभ्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असते, आणि वयाबरोबर हे प्रमाण कमी होत जाते.

या गादीची एक गोष्ट लक्षात घेतली, तर पुढचे सगळे सल्ले आपोआप समजतात. प्रौढ माणसाच्या गादीत, अगदी बाहेरची कड सोडली, तर रक्तवाहिन्या नसतात. वरच्या आणि खालच्या मणक्याच्या पृष्ठभागातून जे झिरपते, त्यावरच तिला जगावे लागते. भार पडला की तिच्यातले पाणी हळूहळू बाहेर जाते आणि भार उतरला की ते परत आत शिरते. दिवसभर उभे राहून, बसून आणि चालून आपली उंची संध्याकाळपर्यंत साधारण दीड सेंटिमीटरने कमी होते आणि रात्री आडवे झाल्यावर ती भरून निघते, ते याच कारणाने. भार येणे आणि जाणे, वाकणे आणि सरळ होणे, चालणे आणि विसावणे ही अदलाबदल गादीला हवी असते. दिवसभर खुर्चीत एकाच तऱ्हेने बसून राहणाऱ्याची आणि दिवसभर शेतात एकाच तऱ्हेने वाकलेल्याची कंबर सारखीच कुरकुरते, त्याचे कारणही या अदलाबदलीच्या अभावात शोधावे लागते.

सकाळचा पहिला तास

आपल्याकडे सकाळचा पहिला तास वाकण्याच्या कामांनी गच्च भरलेला असतो. अंथरुणे काढणे, केर काढणे, सडा घालणे, रांगोळी काढणे, बादलीतून वाकून पाणी घेणे ही सगळी कामे उठल्याउठल्या येतात. नेमक्या त्याच वेळी रात्रभर पाणी शोषून गाद्या टम्म फुगलेल्या असतात आणि फुगलेली गादी वाकवली, तर तिच्या मागच्या कडेवर आणि मणके एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या तिथल्या बंधांवर येणारा ताण दुपारच्या मानाने कितीतरी जास्त असतो. दिवसभरात जे पाणी बाहेर जायचे असते, त्यातील मोठा भाग उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरातच जातो. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट कंबरदुखी असलेल्या लोकांना केवळ सकाळच्या वेळी कंबरेतून वाकणे टाळायला शिकवण्यात आले आणि एवढ्या एका बदलाने त्यांचे दुखणे कमी झाले. ज्यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही असा हा उपाय आहे, आणि मला विचारले तर सुरुवात येथूनच करावी.

उठताना पाठीवरून सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि हातांनी रेटा देत उठावे. जमिनीवर अंथरूण असेल, तर कुशीवरून गुडघ्यांवर यावे आणि मग एक पाय पुढे रोवून उभे राहावे. तोंड धुताना एक हात बेसिनच्या कडेवर टेकवावा, म्हणजे धडाचा काही भार हातावर जातो. आंघोळीची बादली एखाद्या भक्कम स्टुलावर ठेवावी किंवा स्वतः स्टुलावर बसून आंघोळ करावी. केर काढायला लांब दांड्याचा झाडू घ्यावा. आपल्या घरांतल्या आखूड केरसुणीने घराघरांतल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या कंबरेतून वाकवले आहे आणि दांडा लांब करणे ही काही मोठी क्रांती नाही, पण ती अजूनही पुष्कळ घरांत झालेली नाही. रांगोळी काढायची असेल, तर ती चहा-पाणी आणि थोडी हालचाल झाल्यावर काढावी आणि बसायला छोटा पाट किंवा चौरंग घ्यावा.

सूर्यनमस्कारांबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचा हिरिरीने प्रसार केला, आणि हा व्यायाम आपल्या अंगवळणी पडला याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र अंथरुणातून उठून थेट पायाच्या अंगठ्यांना हात लावायला जाणे कंबरेला मानवणारे नाही. उठल्यानंतर तासभर जाऊ द्यावा, किंवा निदान पंधरा-वीस मिनिटे चालून यावे, आणि पहिले दोन-तीन नमस्कार गुडघे किंचित वाकवून, पूर्ण खाली न जाता घालावेत. ज्यांना आधीच कंबरेतून पायात कळ जाते, त्यांनी पुढे वाकण्याची आसने जाणकाराला विचारल्याशिवाय करू नयेत.

खुब्यातून वाकणे

वाकू नका, असा सल्ला देणे सोपे आहे, पण तो कोणालाच पाळता येत नाही. वाकणे कोठून व्हावे, हे शिकणे जास्त उपयोगाचे आहे. मांडीचे हाड जेथे धडाला जोडले जाते, तो खुब्याचा सांधा शरीरातला एक अत्यंत भक्कम सांधा आहे आणि त्याच्याभोवती नितंबांचे मोठे, ताकदवान स्नायू आहेत. वाकण्याचे काम खुब्याचे आहे. खुबा हलला नाही की ते काम कंबरेच्या मणक्यांवर येऊन पडते, आणि बसून बसून आपले खुबे आखडलेले असल्यामुळे हे रोज घडते.

शिकण्याची पद्धत अशी आहे. झाडूचा दांडा किंवा काठी पाठीमागे उभी धरावी, अशी की ती डोक्याचा मागचा भाग, दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमधली जागा आणि माकडहाड या तीन ठिकाणी टेकेल. दोन्ही पावलांत खांद्यांएवढे अंतर ठेवावे आणि गुडघे किंचित सैल सोडावेत. आता दोन्ही हातांत सामान असताना मागचे कपाटाचे दार ढुंगणाने लोटून बंद करावे, तसे नितंब मागे न्यावेत. धड आपोआप पुढे झुकते. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेलीच राहिली, तर वाकणे खुब्यातून होत आहे असे समजावे. एखाद्या ठिकाणची काठी सुटली, तर कंबर गोल झाली आहे, आणि मग तेथेच थांबून पुन्हा सुरुवात करावी. दोन-तीन आठवडे रोज दहा वेळा हा सराव केला, की भाजीची पिशवी उचलताना, गाडीच्या डिकीत वाकताना, मूल पाळण्यातून घेताना शरीर स्वतःहून असे वाकू लागते.

याने फरक किती पडतो, हे जर्मनीतील उल्म येथे केलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीतून दिसते. एका निरोगी स्वयंसेवकाच्या कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या गादीत दाब मोजणारे बारीक उपकरण बसवण्यात आले होते. आडवे असताना दाब सुमारे ०.१ मेगापास्कल होता आणि सैल उभे असताना ०.५. वीस किलोचे ओझे पाठ गोल करून उचलल्यावर तो २.३ वर गेला, गुडघे वाकवून उचलल्यावर १.७ झाला आणि तेच ओझे अंगालगत धरल्यावर १.१ वर आला. हे आकडे एकाच माणसाचे आहेत, त्यामुळे ते जसेच्या तसे सर्वांना लागू करता येणार नाहीत, पण त्यांतले प्रमाण बोलके आहे. ओझे तेच असून पाठ गोल करून उचलण्याच्या मानाने ते अंगाला भिडवून धरण्यात दाब निम्म्याहून कमी होता. पिण्याच्या पाण्याचा भरलेला मोठा जार बरोबर वीस किलोच्या आसपास भरतो, हे ध्यानात ठेवले तर हा प्रयोग आपल्या स्वयंपाकघरातलाच वाटू लागतो.

अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रानुसार सर्व परिस्थिती अनुकूल असताना, म्हणजे ओझे अंगालगत, कंबरेच्या उंचीवर, नीट पकडता येण्याजोगे आणि अंगाला पीळ न देता उचलायचे असताना, २३ किलो ही मर्यादा धरलेली आहे. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजन धरून भरलेला सिलिंडर ३० किलोंच्या घरात जातो. त्यामुळे तो एकट्याने उचलण्याची वस्तू नव्हे. तो किंचित तिरपा करून बुडाच्या कडेवर गोल फिरवत न्यावा किंवा त्यासाठी मिळणारी चाकांची बैठक वापरावी.

ओझे हातात असताना कंबरेतून वळणे हे वाकण्यापेक्षाही घातक आहे. वळायचे असेल, तर पाय उचलून सगळे अंग वळवावे. एका हातात भरलेली बादली नेण्यापेक्षा दोन हातांत दोन अर्ध्या बादल्या न्याव्यात. आणखी एक बाब फार थोड्या लोकांना माहीत असते. बराच वेळ वाकून किंवा पाठ गोल करून बसल्यावर कण्याचे बंध ताणून सैल झालेले असतात आणि त्यांना पूर्ववत व्हायला वेळ लागतो. म्हणून पुण्याहून कोल्हापूरपर्यंत गाडी चालवत गेल्यावर उतरल्याउतरल्या डिकीतल्या बॅगा उचलू नयेत. आधी पाच-दहा मिनिटे चालावे, चहा घ्यावा, मग सामानाला हात लावावा.

कोकणात आणि मावळात भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून तासन्तास वाकावेच लागते, आणि तेथे ‘वाकू नका’ म्हणणाऱ्याने एकदा लावणी करून पाहावी. तेथे साधता येण्याजोगी गोष्ट म्हणजे कामांची अदलाबदल. वीस-पंचवीस मिनिटांनी सरळ उभे राहून दोन्ही तळवे कंबरेवर ठेवावेत आणि चार-पाच वेळा हलकेच मागे झुकावे. बांधावरून एक फेरी मारावी. लावणारा आणि रोपांच्या मुठी आणून देणारा यांनी आपसांत काम बदलत राहावे. ऊसतोडीला जाणाऱ्या आणि डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या मजुराला मात्र असे सल्ले पुरत नाहीत, कारण त्याची कमाई उचललेल्या वजनावर ठरते. त्याच्या कंबरेची काळजी ही काम देणाऱ्याचीही जबाबदारी आहे, असे माझे ठाम मत आहे.

बसणे, उभे राहणे आणि गाडी

स्वीडनमधील अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात गादीतला दाब मोजला आणि बसताना तो उभे असण्यापेक्षा जास्त असतो असे सांगितले. पुढे अनेक दशके बसणे हाच कंबरेचा मुख्य शत्रू मानला गेला. उल्म येथील मोजणीत मात्र टेका न घेता बसताना दाब ०.४६ म्हणजे उभे असण्याइतकाच आला, मागे रेलून आरामात बसल्यावर ०.३ झाला आणि पूर्ण पुढे वाकून बसल्यावर ०.८३. यावरून दोन गोष्टी घ्यायच्या. मागे टेकून बसण्यात आळशीपणा नाही, आणि ताठ बसण्याचा अट्टहास करण्यापेक्षा बसण्याची तऱ्हा बदलत राहणे महत्त्वाचे आहे.

दर अर्ध्या तासाने उठावे. नुसते ठरवून हे होत नाही, म्हणून त्यासाठी काही सोय करून ठेवावी लागते. पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवावी, म्हणजे भरायला उठावे लागते. फोन आला की उभे राहून किंवा चालत बोलावे. खुर्चीवर बसताना पावले जमिनीला पूर्ण टेकावीत, खुबे गुडघ्यांपेक्षा किंचित उंच असावेत आणि कंबरेच्या खोलगट भागामागे टॉवेलाची गुंडाळी ठेवावी. लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवून वेगळा कीबोर्ड जोडावा. पलंगावर पाय पसरून, मांडीवर लॅपटॉप घेऊन तासन्तास काम करण्याची जी सवय घरून काम करण्याच्या काळात लागली, ती मात्र मोडायलाच हवी.

मांडी घालून बसण्याबद्दल मला नेहमी विचारले जाते. ज्यांना लहानपणापासून सवय आहे आणि ज्यांचे खुबे मोकळे आहेत, त्यांनी ती सोडण्याचे काहीच कारण नाही. उलट जेवायला जमिनीवर बसणे आणि हातांचा आधार न घेता उठणे हा खुब्यांचा रोजचा व्यायामच आहे. मात्र मांडी घातल्यावर गुडघे खुब्यांपेक्षा वर राहत असतील, तर कंबर गोल होते. अशांनी घडी घातलेली चादर किंवा पाट बुडाखाली घ्यावा. चार बोटांची उंची वाढली, तरी पाठ आपोआप सरळ होते.

स्वयंपाकघरातला ओटा बहुतेक घरांत तयार मापाचा असतो आणि त्यावर काम करणाऱ्या बाईची उंची कोणी विचारलेली नसते. पोळ्या लाटताना ओटा कोपरापासून साधारण चार ते सहा इंच खाली असला, तर वाकावे लागत नाही. तो फार खाली असेल, तर पोळपाटाखाली जाड लाकडी फळी घ्यावी. बराच वेळ उभे राहायचे असेल, तर एक पाय बुटक्या पाटावर ठेवावा आणि दर काही मिनिटांनी पाय बदलावा.

दुचाकीचा प्रश्न आपल्याकडे फार मोठा आहे. बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला चार ते सहा वेळा होणारी कंपने सर्वांत जास्त हादरवतात, कारण कण्याचे स्वतःचे कंपन त्याच पट्ट्यात येते, आणि खराब रस्त्यावरची वाहने नेमकी तशीच कंपने देतात. टायरमधली हवा योग्य ठेवणे आणि मागचे शॉकअप वेळेवर बदलणे हा खर्च गाडीचा नसून कंबरेचा समजावा. गतिरोधक आणि खड्डे दिसताच वेग कमी करावा, मोटारसायकलवर असाल तर क्षणभर भार पायांवर घ्यावा. लांबच्या प्रवासात दर तासाला उतरून चालावे. पँटच्या मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून बसू नये, कारण त्याने बैठक तिरकी होते आणि पायात जाणाऱ्या शिरेवरही दाब येऊ शकतो.

चालणे आणि तीन व्यायाम

आतापर्यंत सांगितलेल्या गोष्टी ताण कमी करणाऱ्या आहेत. पण कंबरदुखी टाळण्यासाठी सर्वांत भक्कम पुरावा कशाचा आहे असे विचारले, तर उत्तर व्यायाम हेच आहे. २०१६ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा व्यायामाने कंबरदुखीचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि व्यायामाच्या जोडीला योग्य माहिती दिल्यास सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होत असल्याचे दिसले. कंबरेचे पट्टे आणि बुटातल्या खास गाद्या यांनी मात्र प्रतिबंध होत असल्याचे दिसले नाही. म्हणून दुखत नसताना, केवळ खबरदारी म्हणून, पट्टा बांधून फिरू नये.

यांत सर्वांत सोपा व्यायाम चालण्याचा आहे. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर झालेली एक चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालण्यापर्यंत नेण्यात आले, त्यांचे दुखणे उलटण्याचा मध्यम काळ २०८ दिवस होता आणि ज्यांना असे काही सांगितले नव्हते त्यांचा ११२ दिवस. मुळीच सवय नसलेल्याने दहा मिनिटांपासून सुरुवात करावी, दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत आणि हात मोकळे झुलवत, थोडे झपझप चालावे. हातात मोबाईल धरून, मान खाली घालून चालणे यात मोजू नये.

चालण्याच्या जोडीला कंबरेभोवतीच्या स्नायूंचा दम वाढवणारे व्यायाम हवेत. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी कण्याचा दीर्घकाळ अभ्यास करून तीन व्यायाम सुचवले आहेत. ते घरात सतरंजीवर करता येतात आणि कण्यावर फारसा भार टाकत नाहीत.

पहिल्यात उताणे झोपावे, एक गुडघा वाकवावा आणि दुसरा पाय सरळ ठेवावा. दोन्ही तळवे कंबरेच्या खोलगट भागाखाली ठेवावेत, म्हणजे ती सपाट होणार नाही. मग डोके आणि खांदे जमिनीपासून इंच-दोन इंच उचलावेत. पूर्ण उठून बसू नये, कारण शाळेत करायला लावलेल्या, उताणे झोपून पूर्ण उठून बसण्याच्या पोटाच्या व्यायामाने गादीवर उगाच भार येतो. दुसऱ्यात कुशीवर होऊन कोपर आणि गुडघे यांच्या आधाराने कंबर जमिनीपासून उचलावी, अशी की डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत एक सरळ रेषा होईल. हे दोन्ही कुशींवर करावे. तिसऱ्यात हात आणि गुडघे टेकून रांगण्याच्या स्थितीत यावे आणि उजवा हात पुढे व डावा पाय मागे सरळ करावा, मग बाजू बदलावी. पाय कंबरेपेक्षा वर नेऊ नये. पाठीवर पाण्याचा पेला ठेवला आहे आणि तो सांडू द्यायचा नाही, अशी कल्पना केली की हालचाल आपोआप नेमकी होते.

प्रत्येक स्थितीत जास्तीत जास्त दहा सेकंद थांबावे आणि श्वास रोखू नये. आधी सहा वेळा, थोड्या विश्रांतीनंतर चार वेळा आणि शेवटी दोन वेळा असा क्रम ठेवावा. दम वाढला, तर सेकंद वाढवू नयेत, फेऱ्या वाढवाव्यात. या तिन्हींच्या जोडीला सेतुबंधासन (उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणे) केले, म्हणजे नितंबांचे स्नायूही कामाला लागतात. सगळे मिळून पंधरा मिनिटांचे काम आहे आणि सकाळचा पहिला तास सोडून ते केव्हाही करावे.

झोप, वजन आणि धूर

कंबर दुखते म्हटले की घरातले ज्येष्ठ फळीवर झोपायला सांगतात. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. कापसाची गादी असेल, तर ती गोळे होऊन मध्ये खचलेली नाही ना, हे पाहावे आणि वेळोवेळी पिंजून घ्यावी. कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये एक उशी घ्यावी, उताणे झोपताना ती गुडघ्यांखाली ठेवावी.

पोटावरची चरबी वाढली की कंबरेच्या स्नायूंना सतत मागे ओढ धरावी लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. धूम्रपानाचा संबंध मात्र अनेकांना धक्का देतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा एकसारख्या जुळ्या भावंडांची तपासणी झाली, ज्यांच्यापैकी एक खूप धूम्रपान करणारा आणि दुसरा न करणारा होता. धूम्रपान करणाऱ्याच्या कंबरेतल्या गाद्या जास्त झिजलेल्या आढळल्या. जिला झिरपून मिळेल तेवढ्याच अन्नावर जगायचे आहे, तिच्या वाट्याचे अन्न धुराने आणखी कमी होते, असे याचे कारण मानले जाते.

उसण भरलीच तर

एवढे करूनही कंबर कधी तरी धरतेच. तेव्हा अंथरूण धरून आठवडाभर पडून राहू नये. १९९५ मध्ये फिनलंडमधून आलेल्या एका चाचणीत हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांपैकी ज्यांनी दुखणे झेपेल इतपत रोजची कामे चालू ठेवली, ते दोन दिवस पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. पहिल्या दिवशी गुडघ्यांखाली उशी घेऊन थोडा वेळ आडवे व्हावे, शेक घ्यावा आणि दर तासाला उठून घरातल्या घरात चालावे. पाठीवर पाय देणाऱ्या किंवा झटका देऊन मणका बसवून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नये.

एमआरआयची घाईही करू नये. कोणतेही दुखणे नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा २०१५ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्यांमध्ये झीज दिसली. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली आहे’ हे शब्द ऐकून माणसे वर्षानुवर्षे वाकायला, चालायला, नातवंडाला कडेवर घ्यायला घाबरतात, आणि त्या भीतीनेच स्नायू आणखी दुबळे होतात. अहवालात लिहिलेली झीज अनेकदा केसांच्या पांढरेपणासारखी वयाची खूण असते.

काही लक्षणे मात्र वेगळी आहेत आणि ती सर्वांनी पाठ करून ठेवावीत. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, गुदद्वार आणि जननेंद्रियांभोवतीची जागा बधिर होणे, किंवा पाऊल उचलताना लोंबू लागणे यांपैकी काहीही झाले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे, कारण दाबल्या गेलेल्या शिरा सोडवण्यासाठी हाताशी असलेला वेळ तासांत मोजावा लागतो. कंबरदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, वजन घटणे आणि रात्री झोपेतून जागे करणारे दुखणे असेल, तर मणक्याचा क्षयरोग आपल्या देशात आजही आढळतो हे लक्षात ठेवून डॉक्टरांना दाखवावे. पूर्वी कर्करोग होऊन गेलेल्यांनी, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनी आणि पाळी गेल्यानंतर साध्या पडण्याने कंबर धरलेल्या स्त्रियांनीही घरगुती उपायांत वेळ घालवू नये. बाकीच्यांनी चार ते सहा आठवड्यांत उतार पडला नाही किंवा पायातली कळ वाढत गेली, तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट यांची भेट घ्यावी आणि जाताना आपला दिवस कसा जातो, किती तास बसणे होते, कोणते ओझे उचलले जाते, हे कागदावर लिहून न्यावे.